कोय ओढायची नाही

अक्का, तुम्ही गेलात त्या सकाळी पडवीतल्या खुंटीला तुमच्या काड्या टांगलेल्या होत्या. केळीच्या खोडाच्या ओल्या सोपात गुंडाळलेल्या, वरून सुतळी. आदल्या संध्याकाळी तुम्हीच त्या टांगल्यात आणि मला बजावलंत, "सकाळी चहा झाला की बसू गो कलमांना. पाऊस उघडो नाहीतर न उघडो." सकाळी चहा झाला. कप विसळायला तुम्ही उठलात आणि मोरीपाशीच छातीला हात लावून खाली बसलात. पुढचं मी लिहीत नाही. रिक्षा रत्नागिरीत शिरायच्या आधीच तुम्ही माझ्या खांद्यावर जड झाला होतात, एवढंच.

खरं सांगू का, मला आधी रडू आलं नाही, राग आला. वाफ्यात कोयी उगवून तयार, काड्या आणून तयार, आणि स्वतः मात्र निघून जायचं, ही कुठली रीत? दुसऱ्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं, जो तो हळू आवाजात बोलत होता, आणि मी पडवीत उभी राहून त्या खुंटीकडे बघत होते. कुणीतरी म्हणालं, धक्का बसलाय तिला. धक्का कसला, मी मनातल्या मनात तुमच्याशी भांडत होते.

कोय कलम म्हणजे काय हे तुम्हाला सांगणं म्हणजे मास्तरणीला बाराखडी शिकवणं. पण मला ते पहिल्यापासून एकदा बोलून बघायचंय, कारण तुमच्याशिवाय मी ते कधी केलं नव्हतं. रायवळ आंब्याची ताजी कोय वाफ्यात घालायची. ती वाळली की मेली, पुढच्या वर्षासाठी ठेवता येत नाही. रुजली की आधी मूळ खाली जातं, मग मान वाकवून खोड वर येतं, सरळ होतं आणि त्याला तांबूस, मऊ, लोंबती पानं फुटतात. खोड लाल आणि कोवळं आहे तोवर ते कोयीसकट उपटायचं. त्याचं शेंड्याचं डोकं छाटायचं, मधोमध चीर द्यायची, आपल्याला हव्या त्या झाडाची काडी पाचरीसारखी तासून त्या चिरेत बसवायची आणि वरून प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळायची. मग पिशवीत लावायचं. खोड हिरवं पडून टणक झालं की सांधा नीट धरत नाही. म्हणजे जे काही करायचं ते थोड्याच दिवसांत. कोय थांबत नाही, आणि तोडून आणलेली काडीही थांबत नाही.

त्यात या काड्या साध्या नव्हत्या, काकव्याच्या होत्या. तुमच्या माहेरचं, गुहागरकडचं ते एकुलतं एक झाड. लिंबाहून जरा मोठं फळ, रंग ना रूप, बाजारात कुणी ढुंकून बघणार नाही. पण चोखायला घेतलं की रस काकवीसारखा दाट आणि तसाच किंचित जळका गोड. मी कोल्हापूरहून लग्न होऊन आले त्या पहिल्या उन्हाळ्यात तुम्ही तो मला दिलात आणि म्हणालात, "बघ, तुझ्या माहेरची चव माझ्या माहेरच्या झाडाला लागते." मी अंगणात उभी राहून कोपरापर्यंत रस ओघळेतो खाल्ला होता. या वर्षी रस्ता रुंद होणार म्हणून त्याच्या बुंध्यावर लाल फुली पडली. त्याची कोय रुजवून भागत नाही, हे तुम्हीच सांगायचात. कोयीतून झाड येईल, पण ते कुणाच्या वळणावर जाईल सांगता येत नाही. काकव्या हवा तर काकव्याचीच काडी हवी. तुमच्या भावाचा फोन आला, "ताई, झाड जातंय." तुम्ही म्हणालात, "मी येईपर्यंत थांबव." गुडघे दुखत असताना एसटीनं जयगड, तिथून बोटीनं खाडी पार, पुढे रिक्षा, आणि तसंच उलट परत. येताना काड्यांचं बोचकं कुणाकडे दिलं नाहीत, मांडीवर घेऊन बसलात.

तेव्हा आता सगळं माझ्यावर आलं. ते झाड तुटलं आणि काड्या सुकल्या, तर काकव्या संपला. पुन्हा कुठून आणायचा?

अक्का, मी या घरात आले तेव्हाची ती मागीलदारची दुपार तुम्हाला आठवते का? सगळे तुम्हाला वहिनी म्हणायचे. तुम्ही थोरल्या जाऊ, म्हणून मी जाऊबाई म्हणायला हवं होतं, पण माझ्या तोंडून अक्काच निघालं, माझ्या कोल्हापूरच्या बहिणीला म्हणते तसं. तुम्ही मोड आलेल्या वालांचं फडकं पुढ्यात सोडलंत आणि म्हणालात, चल, डाळिंब्या सोलू. आमच्याकडे हा प्रकार नाही. मी आपली एकेक वाल चिमटीत धरून दाबत होते आणि दर दुसऱ्या दाण्याचे दोन तुकडे होत होते. तुम्ही माझा हात धरलात.

"अगो, हळू. त्यात कुणीतरी आहे."

मी दचकून हातातला दाणा टाकला. तुम्ही तो उचललात, नखानं उघडलात. आत दोन जाड डाळी आणि त्यांच्या सांध्याशी एक वाकडा पांढरा अंकुर, त्याच्या टोकाला घडी घातलेली दोन इवली पानं. "हे बाळ," तुम्ही म्हणालात. "आणि ह्या दोन डाळी म्हणजे आईनं बांधून दिलेली शिदोरी. पुस्तकात बीजपत्र म्हणतात. ह्याला अजून माती नाही, खत नाही, ऊन नाही. फडक्यात बांधलेलं असताना नुसत्या ओलीवर एवढं वाढलंय, ते हिच्या जिवावर." मग कोरडा वाल माझ्या हातावर ठेवलात, हा चावून बघ म्हणून. दगड आणि कडू. मग मोड आलेला. त्यात गोडी उतरलेली होती. "पाणी मिळालं की बाळ जागं होतं आणि डब्याला निरोप धाडतं. मग डब्यातल्या पिठाची साखर व्हायला लागते. भूक लागेल तेवढीच."

"म्हणजे आपण बाळासकट शिदोरी खायची व्हय?" मी विचारलं.

"मग काय तर! वर ओलं खोबरं घालून." आणि तुम्ही इतक्या हसलात की घरातून तुमचे हे, आप्पा, बाहेर डोकावले. त्या डाळिंबीत तुम्ही गूळ घातलात, मी नाक मुरडलं, आणि ते भांडण शेवटच्या आठवड्यापर्यंत चाललं. तिखटाची चव गुळानं मारायची हे मला कधी पटलं नाही आणि आता कुणाशी भांडू?

तुम्ही शाळेत विज्ञान शिकवत होतात आणि निवृत्तीनंतर तुमची शाळा घरी आली. मला कायम चिडवायचात, "तुमच्याकडे उसाच्या कांड्या पुरतात, तुला बियाचं काय कळणार." मी चिडले की आणखी एक: "घाटावरनं आणलेली काडी आमच्या रायवळीवर बसवलीय, नखरे करणारच." मी म्हणायचे, "मग हापूस म्हणा की मला." तुम्ही माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणायचात, "बघू, फळ धरू दे."

फळ धरू दे, हे तुम्ही मला पहिल्यांदा दिवस गेले तेव्हाही म्हटलंत, आणि ते तिसऱ्या महिन्यात गेलं. त्यानंतर तुम्ही ही थट्टा पुन्हा कधी केली नाहीत. मी तुमच्याकडे लक्ष ठेवून होते, म्हणून सांगते. रोहिणी झाली, मोठी झाली, पुण्याला नोकरीला लागली, तरी नाही.

ते पहिलं गेलं त्या दिवसांत तुम्ही माझी समजूत घातली नाहीत. बाकी सगळे घालत होते. वरच्या घरातल्या आपल्या चुलतसासूबाई, काकी, यांनी तर दारात बसूनच मला ऐकू जाईल असं म्हटलं होतं, की घाटावरची माती इथल्या बियाला मानवत नसेल. तुम्ही मला वाफ्यावर घेऊन गेलात. न उगवलेल्या कोयी उकरून काढल्यात आणि कोयतीनं एकेक फोडून दाखवलीत. एकीत भुंगा होता. एक सडली होती. मग एक निघाली ती आतून पांढरीशुभ्र, भरलेली, बाळ जागच्या जागी. "ही बघ," तुम्ही म्हणालात. "हिच्यात काहीच वाईट नाही. पाणी होतं, ऊब होती, शिदोरी होती. तरी उठली नाही. का, ते मला वर्गातसुद्धा सांगता येत नाही." शिकवणाऱ्या माणसानं मला माहीत नाही म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं आणि त्या वाफ्याच्या कडेला बसून मी एकदाची रडले. तुम्ही शेजारी बसून उरलेल्या कोयी निवडत राहिलात.

मग आपण दोघींनी हे कलमांचं काम धरलं. तुम्ही चाकू चालवायचात आणि मी पट्टी बांधायची. इतक्या वर्षांत एकदाही उलट झालं नाही. माझा हात जड आहे असं तुमचं म्हणणं, आणि तुमची पट्टी ढिली असते असं माझं. बोलणं मात्र दोघींचं चालूच. आप्पा म्हणायचे, कलमं ह्यांच्या बडबडीनंच सांधतात.

आणि आपलं खरं भांडण दर वर्षी नव्यानं व्हायचं, ते कोयीचं. कलम जगलं, पालवी फुटली, तरी बुंध्याशी ती काळी पडलेली कोय चिकटून असते. गिऱ्हाईक पिशवी उचलून विचारणार, "हे कुजकं काय आहे हो?" मी म्हणायचे, काढून टाकूया, मुंग्या लागतात, माल स्वच्छ दिसू दे. तुम्ही म्हणायचात, "ती आपली आपण गळते. ओढायची नाही."

"पानं आलीत की अक्का. आता स्वतःचं स्वतः खाईल."

"कोवळी आहेत. कोवळं पान देत नाही, घेतं. ते जून होऊन कामाला लागेपर्यंत खालूनच चाललेलं असतं सगळं."

"मग काढायची कधी?"

"मला काय विचारतेस? तिला विचार."

तेवढ्यावर थांबला असतात तरी चाललं असतं. पण तुम्ही त्या गिऱ्हाइकाला पडवीत बसवून नववीचा धडा काढायचात. वालाची डाळ मातीतून वर येते, सगळ्यांना दिसते, हिरवी होते, सुरकुतते आणि गळते. आंब्याची मात्र कवचातच, खालीच राहते. "कुणाची आई वर दिसते, कुणाची दिसत नाही, काम तेच," हे तुमचं ठरलेलं वाक्य. आणि सगळ्यात तुम्हाला आवडायचं ते हे, की आपण त्या रोपाचं डोकं छाटून तिथं दुसऱ्याच झाडाची काडी बसवतो, आणि तरी कोय काही विचारत नाही. आपल्या लेकरासाठी साठवलेलं ती त्या परक्या काडीला पाजते. गिऱ्हाईक बिचारं घड्याळ बघत असायचं. मीही चिडून आत निघून जायचे. एकदाही पूर्ण ऐकलं नाही.

तर सुतक. काकी तुमच्यासाठी म्हणून वरच्या घरातून खाली येऊन राहिल्या होत्या. तिसऱ्या दिवशी मी बोचकं सोडलं. एका काडीची साल नखानं खरवडली, आत हिरवी होती, पण सोप सुकायला लागला होता. वाफ्यात रोपांची पानं तांबूस होती आणि खालच्या बाजूनं खोडं हिरवी पडायला लागली होती. मी काकींना म्हटलं, मी कलमं करायला बसते.

"सुतकात लावणी? खुळी की काय तू?" काकी म्हणाल्या. "आपल्यात नाय करत. सुतकात लावल्यालं जगत नाय."

"सुतक फिटेपर्यंत काड्या मरतील, काकी."

"मं मरतील. माणूस गेलंय घरातलं, काड्यांचं काय घेऊन बसलीस?"

मी आप्पांकडे बघितलं. ते बाकावर बसून वाफ्याकडे बघत होते. आणि अक्का, तुमच्याबरोबर इतकी वर्षं काढूनही मला भीती वाटली. समजा, मी हट्टानं लावलं आणि सगळं मेलं, तर गावातलं कुणी काही म्हणण्याआधी मीच म्हटलं असतं, की सुतकात लावलं म्हणून मेलं. चाकूही मी कधी धरला नव्हता. म्हणजे तुमच्या मागे तुमचं झाडसुद्धा माझ्या हातून गेलं असतं. मी बोचकं पुन्हा बांधलं, नव्या सोपात, आणि खुंटीला लावलं.

दुपारी रागारागानं वाफ्यावर गेले आणि एक रोप उपटलं. का उपटलं ते आता सांगता येणार नाही. पाऊस पडत होता, माती धुऊन गेली आणि माझ्या हातात नुसतं रोप राहिलं. वर दोन वितीचं लाल खोड, खाली पांढरं मूळ, आणि मध्ये ती कोय, भरलेली, घट्ट. मी बराच वेळ तिच्याकडे बघत उभी होते. मला फडक्यात बांधलेला वाल आठवला. ह्याला अजून माती नाही, खत नाही, ऊन नाही.

तशीच भिजलेली घरात गेले आणि काकींसमोर उभी राहिले.

"काकी, लावणी म्हणजे काय? मातीत घालणं ना?"

"मं काय आभाळात घालणं?"

"मी मातीत नाही घालत. नुसतं जोडते आणि टोपलीत ठेवते. माती सुतक फिटल्यावर."

काकींनी त्या रोपाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "आणि तवर काय खाईल ती?"

"तिच्याजवळ आहे," मी म्हटलं आणि कोय पुढे केली.

काकींनी कोय अंगठ्यानं दाबून बघितली. मग तुमचं नाव घेऊन म्हणाल्या, "मंगलनं शिकवलान काय तुला ह्ये?" मी हो म्हटलं. त्यांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. उठून आत गेल्या.

मी पडवीत बसले. तुमचा चाकू घेतला. पहिली काडी तासताना पाचर एका बाजूला जाड झाली, दुसरीची सालच निघाली, तिसरीला खोड उभं फाटलं. तुमच्या झाडाच्या काड्या वाया घालवतेय म्हणून चाकू पदराला पुसला आणि अगदी हळू तासायला लागले. पुढची एक बसली. पण बसली ती दोन्ही हातांनी धरलेली, आता पट्टी कोण बांधणार? हे काम दोन माणसांचं आहे, हे मला तोपर्यंत लक्षातच आलं नव्हतं. मी ते कलम चिमटीत धरून तशीच बसून राहिले.

तेव्हा माझ्यासमोर काकींचे हात आले. काकी पाटावर बसल्या, पट्टी उचलली आणि म्हणाल्या, "मी काय लावत नाय हां. मी नुसती बांधत्येय."

"खालून वर बांधा, काकी. वरून खाली बांधलं तर पाणी आत जातं." अक्का, हे मी तुमच्या आवाजात बोलले. माझं मलाच ऐकू आलं.

"शिकव, शिकव. आता तुझंच राज्य," काकी म्हणाल्या, पण पट्टी सोडून पुन्हा खालून बांधली.

गाठ मारता मारता, मान खाली घालूनच, त्या म्हणाल्या, "मंगल माझ्याशी भांडलेली तुझ्यापायी. ठाऊक हाय ना तुला?"

मला काहीच ठाऊक नव्हतं.

"तुझं पयलं गेलं ना, तवा मी कायतरी बोललेय. मातीबिती. दुसऱ्या दिवशी वर आली. पायरी चढली नाय. अंगणातनंच बोललीन, पावसात उभी राहून. म्हणालीन, काकी, बी उठलं नाही म्हणून मातीला नावं ठेवू नका, मी रोज वाफ्यात बघते. पुन्हा तिच्याबद्दल असं बोललात तर मी तुमच्या घरचं पाणी पिणार नाही. आणि आली नाय बघ मं. आख्खा पावसाळा आली नाय माझ्याकडं."

मी चाकू खाली ठेवला. तो पावसाळा मला चांगला आठवतो. तुमचं आणि काकींचं काहीतरी बिनसलंय एवढं कळत होतं. मी विचारलं तर तुम्ही म्हणालात, "काही नाही गो, त्यांची म्हैस आपल्या कुंपणात शिरली." आणि मी ते खरं मानलं! इतकी वर्षं मी त्या म्हशीला दोष देत आले. तुम्ही मला का नाही सांगितलंत? मी तुम्हाला काही म्हणाले असते, निदान एकदा नीट म्हणाले असते. आता हे मी कुणाला म्हणू?

काकींनी पदरानं डोळे पुसले आणि म्हणाल्या, "दे पुढचं. अंधारायच्या आत व्हायला हवं."

सगळी कलमं आम्ही टोपल्यांत उभी केली. खाली नारळाची ओली सोडणं, म्हणजे वरची काथ्याची सालं, आणि वर भिजवलेलं गोणपाट. मातीचा कण नाही. काकी रोज सकाळी स्वतः गोणपाट भिजवायच्या आणि कुणी बघितलं की म्हणायच्या, नुसतं पाणी घालत्येय, लावत नाय. दिवस जात होते आणि मी दिवसातून किती वेळा टोपलीत हात घालून कोयी चाचपत होते त्याचा हिशोब नाही. त्या घट्ट होत्या. डोकं छाटलेली, पान नसलेली, जमीन नसलेली रोपं, आणि तरी मेली नव्हती. सुतक फिटलं त्या दिवशी आम्ही पिशव्या भरल्या. टोपलीतून काढताना बघितलं तर मुळं सोडणांत शिरली होती, पांढरी, ओली. आप्पा बाकावरून उठून आले आणि एकेक पिशवी उचलून सावलीत नेऊन ठेवायला लागले. तुम्ही गेल्यापासून त्यांनी हाती घेतलेलं ते पहिलं काम.

तेराव्याला तुमचा भाऊ आला. झाड आदल्याच दिवशी पडलं होतं. त्यानं एका पिशवीत काकव्याची थोडी पानं आणली होती. कशासाठी, ते त्यालाही सांगता आलं नाही. ती मी तुमच्या फोटोपाशी ठेवली. जाताना त्यानं सावलीतल्या पिशव्यांकडे बघून विचारलं, "जगतील?" मी म्हटलं, माहीत नाही. असं म्हणायला तुमच्याकडूनच शिकलेय, अक्का.

मग काही काड्या काळ्या पडायला लागल्या. रोज एखादी. काकी सुतक फिटल्यावर वर परत गेल्या होत्या, पण रोज उतरून यायच्या, काळ्या पडलेल्या बघायच्या आणि काही न बोलता जायच्या. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं, मला भांडता तरी आलं असतं. मी मात्र रात्री अंथरुणात पडून मनात म्हणायचे की हात माझा जड आहे, सुतकाचा काही संबंध नाही. आणि एका सकाळी बघते तर एका काडीचा डोळा फुगून फुटला होता आणि त्यातून तांबूस पान बाहेर येत होतं, ओलं, घडी अजून न मोडलेली. मी ओरडले. आप्पा धावत आले, त्यांना वाटलं साप निघाला. आम्ही दोघं तिथं खाली बसलो, आणि आप्पा तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्यानं रडले. मीही रडले. काकी तेवढ्यात पायऱ्या उतरत होत्या. त्यांनी पान बघितलं आणि म्हणाल्या, "मी बांधल्यालं हाय ते."

आता पुष्कळ फुटलीत, अक्का. मोजली नाहीत. गेलीत तीही बरीच. पण काकव्या आहे.

काल आमचे हे बंदरावरची पाळी संपवून आले आणि कौतुकानं पिशव्या बघत बसले. एक पिशवी उचलली, बुंध्याशी चिकटलेली काळी कोय बघितली आणि "हे कुजलंय वाटतं" म्हणून काढायला बोट घातलं. मी त्यांच्या हातावर मारलं. चांगलं जोरात. त्यांनी पिशवी खाली ठेवली.

"अगं, पानं आलीत की तिला," ते म्हणाले.

"कोवळी आहेत," मी म्हटलं. "ओढायची नाही. तिची ती गळेल."

हे वाक्य तोंडातून गेलं आणि मला तुमचं सगळं, मी अर्धवट ऐकून आत निघून जायचे ते सगळं, एकदम हवंसं झालं. तुम्ही जिंकलात, बरं का. गुळाचं सोडून.

संध्याकाळी रोहिणीचा पुण्याहून फोन आला. ती रोजच करते हल्ली. मी बोलता बोलता तुमचंच काहीतरी सांगत होते, डाळिंब्या सोलायचं. ती ऐकत होती आणि मग म्हणाली, "आई, आता सावर गं. किती दिवस मोठ्या आईला धरून बसणार आहेस?"

मी तिला सांगितलं, "ओढू नकोस."